अक्षरं उलटी दिसत नाहीत, तरी वाचता येत नाही : डिस्लेक्सियाबद्दल बोलायचं आहे

पारिजातक | सोमवार, रात्री १०:४०

लेक तिसरीत आहे, मराठी माध्यम. वर्ष संपत आलं तरी वाचन जमत नाहीये. गोष्ट एकदा ऐकवली की महिन्याभराने जशीच्या तशी सांगतो, मधल्या संवादांसकट. दुकानदाराने सुटे किती परत द्यायचे ते माझ्याआधी त्याच्या तोंडात असतं. पुस्तक उघडलं की मात्र हा मुलगा वेगळाच होतो.

काल रात्रीचं सांगते. ओळ होती, "सूर्याची किरणे दुसऱ्या डोंगरावर पडली." बोट ठेवून सुरुवात केली. "सू... सूया... सूयाची..." मग थांबला. "क... करि... करिणे." दुसऱ्याचं "दुसया" झालं. डोंगर शब्द त्याने ड, मग काना-मात्रा, मग टिंब असा एकेक चढत वाचला. पुढच्या ओळीत परत डोंगर आला, तर परत पायथ्यापासून सुरुवात. तिसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, अरे आत्ताच वाचलास ना हा शब्द? तर म्हणाला, "आई, वाचला की तो पुसला जातो." मग चित्राकडे बघून "डोंगरावर ऊन पडलं" असं म्हणून पुस्तक मिटलं. अर्थ बरोबर होता, त्यामुळे मला काय बोलावं कळेना.

बाई म्हणतात लक्ष नाही. सासरे म्हणाले डोळे तपासा. तपासले, नजर उत्तम आहे. जाऊबाईंनी डिस्लेक्सिया हा शब्द काढला, पण मी वाचलं होतं की त्यात मुलांना अक्षरं उलटी दिसतात किंवा हलताना दिसतात. हा तर उलटं काही लिहीत नाही. म्हणून मी तो विषय सोडून दिला होता. सोडायला नको होता का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

घाटवाट | सोमवार, रात्री ११:१५

माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच होतं. त्याच्यासाठी धडे मी वाचायचे आणि तो ऐकायचा, दहावीपर्यंत. ताई, विषय सोडू नका. इथे जुनीपाटी आहेत, त्यांना बोलवा.

शाळामास्तर | मंगळवार, सकाळी ६:५०

प्राथमिकला ३४ वर्षं शिकवलं. नाव ठेवायचा हेतू नाही, पण आजकाल प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव मिळतं. आपली लिपी जसं बोलतो तसं लिहायची. बाराखडी घोटून घ्या, रोज एक पान शुद्धलेखन आणि चुकलेला शब्द दहा वेळा. आमच्याकडची मुलं अशीच वाचायला लागली.

जुनीपाटी | मंगळवार, दुपारी २:०५

घाटवाट, निरोप मिळाला. गेली १८ वर्षं पुण्यात विशेष शिक्षिका म्हणून याच मुलांबरोबर आहे. जरा लांब लिहिते, कारण पारिजातकच्या प्रश्नात जो गैरसमज आहे त्यापायी कितीतरी मुलांची दोन-तीन वर्षं वाया जाताना पाहिली आहेत.

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा विकार नाही. अक्षर डोळ्यांना तुमच्या-माझ्यासारखंच दिसतं. अमेरिकेतले मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ च्या सुमारास उलट्या अक्षरांवर भर दिला आणि ती कल्पना लोकांच्या मनात घट्ट बसली. इंग्रजीतले बी आणि डी हे एकमेकांचे आरशातले भाऊ असल्यामुळे ती पटतेही. पण तशी उलटापालट सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक सगळीच मुलं करतात. आपल्या मेंदूला कप उजवीकडून पाहिला काय नि डावीकडून पाहिला काय, तो कपच असतो. अक्षरांच्या बाबतीत ही सवय मोडायला शिकावं लागतं.

अडचण असते ती आवाजाशी. बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं, वाचन मात्र शिकवावं लागतं. त्यासाठी बोललेल्या शब्दाचे तुकडे पाडता यावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला कागदावरच्या खुणेशी बांधावं लागतं. ही गाठ बहुतेक मुलांची पहिल्या काही वर्षांत पक्की बसते. मग डाव्या मेंदूत मागच्या-खालच्या बाजूला एक जागा अशी तयार होते की ओळखीचा शब्द दिसताक्षणी उमटतो, फोडावा लागत नाही. आपण "डोंगर" असा अख्खा वाचतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची गाठ सैल बसते, म्हणून शब्द प्रत्येक वेळी नव्याने फोडावा लागतो. "वाचला की तो पुसला जातो" हे तुमच्या लेकाने इतकं नेमकं सांगितलंय की मी ते वहीत लिहून घेतलं.

घरी करून बघा, कागद न वापरता. "कमळ मधला क काढला तर काय उरलं?" "पाणी मधल्या पा च्या जागी रा घातला तर?" मग थोडं अवघड, "क आणि कि यात तोंडाने काय बदललं?" तिसरीतलं मूल इथे फार अडखळलं तर लक्ष द्या. पेन, कप, चावी, फूल अशी ओळखीची चित्रं ओळीत मांडून भराभर नावं घ्यायला सांगा. नावं माहीत असूनही तोंडात यायला वेळ लागतो का ते बघा. यावरून निदान होत नाही, पुढे जायचं की नाही ते कळतं.

आता मास्तरांच्या मुद्द्याकडे येते. सर, "जसं बोलतो तसं लिहितो" हे मोठ्या माणसाला खरं वाटतं. आठ वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघू या. "किरण" मध्ये आवाज आधी क चा, पण कागदावर वेलांटी आधी येते. "सूर्य" मध्ये र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. एकट्या र ची रूपं बघा : घर, सूर्य, प्राणी, ट्रक, दुसऱ्या. पाच ठिकाणी पाच वेश, आवाज एकच. आणि जिथे खूण एक आहे तिथे आवाज दोन. "हे जग मोठं आहे" आणि "तू शंभर वर्षं जग" यातला ज कागदावर सारखाच. चार आणि चारा मधला च तसाच. घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांत तर एवढ्याशा गाठीचा किंवा रेघेचा फरक. भरीला हिंदीच्या पुस्तकातला ल आणि श मराठीच्या पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या वळणाचा. इंग्रजीला २६ अक्षरं पुरतात, आपल्याला बाराखड्या आणि जोडाक्षरं धरून शेकडो अक्षरं लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अक्षरओळख चौथीपर्यंत चालूच राहते असं दिसलं. कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे.

म्हणूनच आपल्याकडे हे उशिरा लक्षात येतं. इंग्रजीत शब्दाचा उच्चार आणि लेखन यांचा मेळ नसतो, तिथे मूल पहिलीतच उघडं पडतं. मराठीत नियम बरेच पक्के, त्यामुळे हुशार मूल ओढूनताणून बरोबर वाचत राहतं, फक्त फार हळू. दुसरीपर्यंत धडे छोटे असतात, चित्रं असतात, निम्मं पाठ असतं. तिसरी-चौथीत परिच्छेद येतात, इतिहास-भूगोल येतो आणि मग म्हणतात, आधी बरा होता, आता आळशी झाला. २००१ मध्ये इंग्लिश, फ्रेंच आणि इटालियन प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. इटालियन लिपी सरळ, म्हणून तिथले डिस्लेक्सिक लोक वाचनात इंग्लिश-फ्रेंच डिस्लेक्सिकांपेक्षा बरे होते. पण वाचताना मेंदूची जी जागा कमी काम करत होती ती तिघांचीही एकच. लिपी सोपी असली की अडचण झाकली जाते, जात नाही.

आणि दहा वेळा लिहून घेण्याबद्दल. जे मूल "किरणे" ला "करिणे" वाचतं ते दहा वेळा चित्र काढल्यासारखं लिहितं. हात दुखतो, गाठ बसत नाही.

पारिजातक | मंगळवार, दुपारी ४:३०

दोनदा वाचलं. "पाणी"चं "राणी" त्याला लगेच जमलं. कमळमधला क काढला तर "कळ" म्हणाला, मग "मळ". चित्रांची नावं घेताना चावीला "ते... कुलपाचं ते" म्हणाला. घरात रोज चावी आणतो तो.

माझे वडीलही पेपर वाचत नसत. मथळे बघून ठेवून द्यायचे. आम्हाला वाटायचं त्यांना आवड नाही. हे घराण्यात असतं का?

जुनीपाटी | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

हो, बरेचदा असतं. आई-वडील, मामा, आजोबा यांच्यापैकी कुणाला तरी होतं असं माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त घरांत निघतं. यात कुणाच्या संगोपनाचा दोष नसतो आणि बुद्धीशीही संबंध नसतो.

सांधा | मंगळवार, रात्री ११:५०

हा प्रतिसाद बोलून लिहितोय, मोबाईल टाइप करतो. वय ४१, इचलकरंजीत यंत्रमागाच्या दुरुस्तीचं काम आहे, चार पोरं हाताखाली आहेत. मला हे आहे असं वयाच्या ३६ व्या वर्षी कळलं, पोरीची तपासणी झाली तेव्हा.

लहानपणी मी वाचायचो नाही, ओळखायचो. पहिलं अक्षर आणि शब्दाची लांबी बघायची आणि अंदाज मारायचा. स्टँडवर बस लागली, पाटीवर क दिसला, शब्द छोटा, म्हणजे कागल. चढलो. ती कराडची होती. उलट्या दिशेला बराच लांब गेल्यावर कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा कळलं. घरी सांगितलं की झोप लागली होती. वाचता आलं नाही हे सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं.

वर्गात माझा नंबर यायच्या आधी मी मोजायचो. एकेक जण एक परिच्छेद वाचतोय, माझ्या पुढं सहा जण, म्हणजे मला सातवा परिच्छेद येणार. तेवढा शेजाऱ्याकडून हळूच ऐकून पाठ करायचो. एखाद्या दिवशी कुणी गैरहजर निघाला की गणित चुकायचं. मग उभा राहायचो आणि घशातून आवाज निघायचा नाही. सर म्हणायचे, बस खाली. ते "बस खाली" अजून ऐकू येतं.

पारिजातक ताई, तुमच्या पोराला एवढंच लवकर सांगा की तो बिनडोक नाही. मला ते कुणी सांगितलं असतं तर सातवीत शाळा सुटली नसती.

नेकरकाठ | बुधवार, पहाटे ३:२०

श्टुटगार्टहून लिहितोय. सांधा, तुमचं वाचून झोप लागेना.

या गावाचा आणि या विषयाचा जुना संबंध आहे. रुडोल्फ बर्लिन नावाचे नेत्रतज्ज्ञ इथे होते, त्यांनीच १८८७ च्या पुस्तकातून डिस्लेक्सिया हा शब्द रूढ केला. त्यांचे रुग्ण मात्र मोठी माणसं होती, मेंदूच्या आजारामुळे वाचन गमावलेली. जन्मतः असं असलेल्या मुलाची नोंद १८९६ ची, इंग्लंडमधली. प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. सात वर्षांचा असल्यापासून शिकवणी चालू, तरी वाचन येत नव्हतं. आकडे मात्र तो झरझर वाचायचा, कोटींच्या घरातलेसुद्धा. त्याच्या शिक्षकाचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

आणि त्या पर्सीने स्वतःचं नाव कसं लिहिलं? "प्रेसी". र जागचा हलला. जुनीपाटींनी सूर्याच्या रफाराबद्दल लिहिलंय ते वाचताना मला तोच र आठवला.

माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, तिला हे आहे. जर्मनमध्ये लेगास्थेनी म्हणतात. जर्मनही मराठीसारखीच बरीच नियमात बसणारी, त्यामुळे तिचं वाचन बरोबर पण संथ, आणि शुद्धलेखन वाईट. शाळा तिला पेपरला जास्त वेळ देते. मराठी मी तिला कागदावर आणायची घाई केली नाही. आजीशी फोनवर गप्पा, गोष्टी, भेंड्या. तिची मराठी कानातून पक्की झाली आहे. अंकलिपी आत्ता काढली, रोज पाच मिनिटं.

सह्यगंध | बुधवार, सकाळी ९:००

आमच्या ओळखीत एकांनी रंगीत काचांचा चष्मा केला आणि डोळ्यांचे व्यायाम लावले आहेत, बरेच पैसे गेले. डिस्लेक्सियासाठी खास फॉन्टही मिळतो म्हणे. उपयोग होतो का?

जुनीपाटी | बुधवार, दुपारी १:४०

नाही. हे ठामपणे सांगते, कारण यात आई-बापांचा पैसा आणि मुलाचा वेळ दोन्ही जातात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं आहे की रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. मुळात अडचण डोळ्यात नसेल तर तिथे इलाज कसा लागू पडेल? नजर तपासून घ्यावीच, नंबर असेल तर चष्मा लावावा, तिथवर ठीक.

खास फॉन्टचंही तसंच. अक्षरांमधली जागा वाढवली तर मदत होते. इटालियन आणि फ्रेंच मुलांवर तसं दिसलं आहे आणि ते फुकट करता येतं. धडा मोठ्या अक्षरात, ओळींत मोकळी जागा सोडून छापून द्या.

उपयोग कशाचा होतो? पायरी-पायरीने, रोज थोडं, अक्षर आणि आवाज यांची गाठ उघडपणे शिकवण्याचा. एकच आवाज घ्यायचा, तोंडाने म्हणायचा, बोटाने रव्यात किंवा वाळूत गिरवायचा, तो असलेले शब्द ऐकून शोधायचे, मग वाचायचे. एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. पारिजातकच्या लेकासाठी मी र पासून सुरुवात करीन. पाच पुठ्ठे, पाच वेश. आणि एकच छोटा परिच्छेद चार दिवस वाचायचा, आधी तुम्ही, मग दोघं एका सुरात, मग तो एकटा. गोष्टींची भूक त्याला आहे, ती कानाने भागवत राहा. वाचन मागे आहे म्हणून ज्ञानही मागे राहू देऊ नका.

आणखी एक. "अशी मुलं कलाकार असतात, यंत्रं चांगली कळतात" असं हल्ली फार ऐकू येतं. सांधा यांना कळतात, त्यांचं कौतुकच आहे. पण प्रत्येक मुलात लपलेलं काही असामान्य असलंच पाहिजे ही अपेक्षा त्याच्यावर नवं ओझं टाकते. साधं मूल असलं तरी त्याला वाचायला शिकवलंच पाहिजे.

सनद | बुधवार, रात्री ८:३०

कागदोपत्री बाजू मी सांगते, मुलीसाठी सगळं केलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. म्हणजे ही मेहरबानी नाही, हक्क आहे. महाराष्ट्राने परीक्षेतल्या सवलती त्याच्या खूप आधी, १९९६ मध्ये सुरू केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष असं त्याचं स्वरूप असतं. नेमकं काय मिळेल ते मंडळाच्या चालू नियमात बघा.

खासगी समुपदेशकाचा अहवाल शाळेला समजण्यासाठी ठीक, मंडळाला सरकारी प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा विभाग आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून, मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असं होतं, चालू नियम विचारून घ्या. नंबर लागायला वेळ जातो, नववीपर्यंत थांबू नका. आमची चार महिने वाट बघण्यात गेली. जाताना वह्या न्या. नीटनेटक्या नकोत, खाडाखोड असलेल्याच न्या, त्याच उपयोगी पडल्या.

आणि चाचणी मुलाच्या भाषेतच व्हायला हवी. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये "डाली" नावाचा चाचणीसंच आणला, तो हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. विचारून घ्या.

शाळामास्तर | गुरुवार, सकाळी ७:१५

सगळं वाचलं. सांधा यांचं तीन वेळा वाचलं. माझा एक प्रश्न आहे. निवृत्त असलो तरी गावातल्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस जातो. वर्गात ४० मुलं. तपासणीचं केंद्र जिल्ह्याच्या गावाला. अशा ठिकाणी मूल ओळखायचं कसं आणि करायचं काय? मला "बस खाली" म्हणणारा व्हायचं नाही.

जुनीपाटी | गुरुवार, सकाळी ११:२०

सर, या प्रश्नासाठी तुमचे आभार मानते. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक असलेलं मूल शोधा, तेच बहुधा ते. फळ्यावरून उतरवताना एकेक अक्षर बघून लिहिणारं. वाचनाच्या तासाला ज्याला नेमकं पाणी प्यायला जायचं असतं ते.

वर्गासमोर अचानक वाचायला उभं करू नका. वाचून घ्यायचंच असेल तर आदल्या दिवशी कानात सांगा, उद्या तुझ्याकडे अमुक ओळ. मुलगा घरून तयार होऊन येईल. लेखी उत्तर कच्चं आलं तर जवळ बोलावून तोंडी विचारा आणि त्याचे गुण द्या. आणि दहा मिनिटं आवाजांचे खेळ सगळ्या ४० जणांबरोबर खेळा, त्यात कुणी वेगळं पडत नाही. पालकांना बोलवाल तेव्हा "हा अभ्यास करत नाही" ऐवजी "याला वाचताना अडचण आहे, तपासून घेऊ" एवढंच वाक्य बदला.

सांधा | गुरुवार, रात्री १०:०५

मास्तर, कानात सांगायचं हे नक्की करा.

पारिजातक | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:४५

तपासणीची तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्याची. बाईंना जाऊन भेटले. आधी "सगळ्याच आया असं म्हणतात" म्हणाल्या. मग मी वही पुढे ठेवून त्याच धड्यावरचे प्रश्न त्याला तोंडी विचारायला सांगितलं. सातच्या सात बरोबर आले. त्या बराच वेळ वहीकडे बघत होत्या. आता वाचायची ओळ आदल्या दिवशी सांगतात.

रव्याचं ताट रोज संध्याकाळी निघतं. र चे पाच पुठ्ठे फ्रीजवर लावले आहेत, त्यांना त्यानेच नावं दिली आहेत : सूर्यावरचा टोपीवाला, ट्रकखालचा छत्रीवाला. वडिलांना मी परवा फोनवर सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला वाटायचं मी एकटाच असा." पुढच्या आठवड्यात येत आहेत. नातू म्हणतोय, आजोबांना पण पुठ्ठे दाखवायचे.

काल "सूर्याची किरणे" एकट्याने वाचलं. वेळ लागला. डोंगरापाशी परत अडखळला, पण पुढच्या ओळीतला डोंगर बोट न थांबवता गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी काही बोलले नाही, त्याला ओळ पुरी करू दिली.